तक्त्याची शेवटची ओळ

१५ ऑगस्ट १९८६, शुक्रवार. सकाळी १०.३०

आजपासून डायरी. अन्यायाची नोंद असावी लागते.

आज वालूरच्या शाळेत झेंडा कुणी चढवला? आश्रुबानं. कोण आश्रुबा? फौजेतला कुक. सतरा वर्षं कणीक मळली, डाळीला फोडणी दिली, घरी आला. आणि मी हवालदार बन्सीधर सटवाजी, तोफखाना, चोवीस वर्षं नोकरी, दोन लढाया. मी कुठं उभा होतो? सातवीच्या पोरींच्या मागं, तिसऱ्या रांगेत.

कारण एकच. मे महिन्यात औरंगाबादच्या लष्करी दवाखान्यात आश्रुबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तो काळा गॉगल लावून फिरतो. गॉगल लावला की कुणीही लढाईत जखमी झाल्यासारखा दिसतो. हेडमास्तर दिनकररावांनी भाषणात त्याला देशासाठी डोळा देणारा वीर म्हटलं. त्यानं मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही. मोतीबिंदू होता! माझ्या आजीलाही होता. तिला कुणी झेंडा चढवायला बोलावलं नाही.

दोरीसुद्धा दिनकररावांना त्याच्या हातात धरून द्यावी लागली. एवढा रुबाब.

मी मात्र झेंड्याला असा सॅल्यूट ठोकला की पोरं खदखदून हसायला लागली. आश्रुबाला हसली असणार. घरी येताना मनकर्णानं (बायको) भर रस्त्यात माझा दंड धरला होता. अभिमानानं.

संकल्प: २६ जानेवारीचा झेंडा माझ्या हातानं.

१७ ऑगस्ट. संध्याकाळी

मारुतीच्या पारावर आश्रुबाचा दरबार भरला होता. विषय तोच. दवाखान्यात पांढरी चादर, डोक्यावर पंखा, पहाटे अंथरुणात चहा, चहाबरोबर दोन बिस्किटं. सिस्टर त्याला आश्रुबाजी म्हणायची म्हणे. हे तो तीन महिने सांगतोय आणि गाव तीन महिने ऐकतंय. माझ्या तोफखान्याची गोष्ट सुरू केली की लोकांना बैलाला पाणी दाखवायचं आठवतं.

आणि ती फाईल. निळी फाईल. काखेत धरून फिरतो. त्यात दवाखान्याचे कागद आहेत, वर इंग्रजीत नाव आहे. फाईल असलेल्या माणसाला लोक चहा पाजतात.

मला जळजळ होते, पण ती पित्ताची.

१९ ऑगस्ट. सकाळी ७.००

शांतपणे विचार केला. आश्रुबाकडं आहे आणि माझ्याकडं नाही अशी एकच गोष्ट आहे. आजार. तर तो मिळवायचा. आणि त्याच्यापेक्षा मोठा मिळवायचा.

गुडघा धरू. उजवा. ट्रकमधून उडी मारताना मुरगळला होता. (कबड्डीत मुरगळला होता, पण कबड्डी युनिटचीच होती.)

अडचण एक. एक्याऐंशी साली फौजेतून सुटताना जी डॉक्टरी तपासणी झाली तिच्यात मी शेप वन. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अव्वल. तेव्हा मीच हट्टानं अव्वल ठरलो होतो. लंगडत, चष्मा लावून घरी परत यायचं म्हणजे काय? गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. डोळ्यांचा तक्ता तेव्हाच जरा अंधुक छापलेला होता, म्हणून शेवटची ओळ आधीच पाठ करून ठेवली. डी एफ एन पी टी एच झेड. डॉक्टर बघतच राहिला. अजूनही रोज सकाळी ओट्यावर उभं राहून, सूर्याकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणतो. आवाज मोकळा राहतो, स्मरणशक्तीही राहते. मनकर्णाला तो मंत्र वाटतो. आमच्या भिंतीला भिंत लागून आश्रुबाचं घर आहे, त्यालाही जाग येत असेल. येऊ दे.

२४ ऑगस्ट, रविवार

भुजंगचा माज वाढला आहे. त्याच्या शेतावरून गेलो, तो बांधाजवळ उभा. राम राम घातला. उत्तर नाही. परत घातला. नाही. आश्रुबाच्या पार्टीत गेला असणार. मीही मग तिथंच उभा राहून त्याला दहा मिनिटं सुनावलं. मान खाली घालून ऐकत राहिला, हे मात्र कबूल.

(दुपारी.) मनकर्णा म्हणते भुजंग परवापासून चुडाव्याला पाहुण्यांकडं गेलाय. म्हणाली, आवो ते बुजगावणं हाय, तूर खात्यात पाखरं म्हून लावलंय. असेल. पण त्याला सदरा भुजंगचाच घातलेला आहे, चूक कुणाचीही होईल.

१ सप्टेंबर

परभणीच्या सैनिक बोर्डात जायला निघालो. एसटीवर पाटी चुकीची लावली होती. जिंतूर बघून परत आलो. गाव चांगलं आहे.

२ सप्टेंबर. रात्री ८.००

आज पोचलो. मनकर्णानं गाडीत बसवून दिलं.

बोर्डातले क्लार्क विष्णुपंत. सभ्य माणूस. बसायला खुर्ची दिली. मी गुडघ्याची हकीकत सांगितली. त्यांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं आणि वाचून दाखवलं की आपण तर पूर्ण निरोगी सुटला आहात, हवालदार, गुडघ्याचा यात उल्लेखच नाही. मी म्हटलं, उल्लेख नाही, गुडघा आहे. ते हसले.

मग फॉर्म भरायला दिला. सरकारी छपाई फार फिकट झाली आहे. अंदाजानं भरला. विष्णुपंत म्हणाले, फॉर्म उलटा धरला आहे. सुलटा केला. मग म्हणाले, सही कागदावर करा, टेबलावर नको. ऐन वेळी त्यांनीच कागद सरकवला असावा.

मग हळू आवाजात त्यांनी डोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, गरुडाचे आहेत. ते म्हणाले, एकवीस तारखेला लष्करी डॉक्टरांचं पथक परभणीला येतंय, माजी सैनिकांचे डोळे तपासायला. ज्याला जरूर असेल त्याला औरंगाबादला नेतील, सगळं मोफत. दोन्ही डोळे बिघडलेल्यांना आधी बेड. एवढंच करा, दिसेल तेवढंच वाचा.

दोन्ही डोळे! आश्रुबाचा एकच होता.

परत येताना एसटीत बसल्या बसल्या प्लॅन ठरला. माझे डोळे उत्तम आहेत, प्रश्नच नाही. पण एकवीस तारखेला मी आंधळ्याचं सोंग घेणार. एका डोळ्याला एक फाईल, तर दोन डोळ्यांना किती?

६ सप्टेंबर

सोंगाची प्रॅक्टिस सुरू. डोळे मिटून घरभर फिरलो. ओटा, माजघर, न्हाणी, गोठा. एकदाही ठेच नाही. नंतर डोळे उघडे ठेवून तेवढंच फिरलो. दोनदा धडकलो. उजेड त्रास देतो.

मनकर्णाला माझ्या शिस्तीचा गुण लागला आहे. तांब्या रोज एकाच जागी, चपला एकाच जागी, काठी दाराच्या उजव्या अंगाला. बॅरेकमध्येसुद्धा इतकी व्यवस्था नव्हती. शेळीच्या गळ्यात मात्र तिनं घंटी बांधली आहे. कशाला ते कळत नाही.

१२ सप्टेंबर

आश्रुबा येऊन गेला. म्हणाला, हवालदारसाब, एकवीस तारखेला मी बी यायलाय, डॉक्टरसाब म्हनले पेशंट लोकायला धीर द्यायला या. म्हणजे तिथंही हा! मी म्हटलं, मला धीराची गरज नाही. चहा देताना कप त्याच्या हातात पोचेपर्यंत त्यानं हवेत हात धरला होता. नवाबासारखा. स्वतः उचलून घेणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. परतीच्या एसटीत

क्रमानं लिहितो.

शाळेचा हॉल. चाळीसेक माजी सैनिक. पहिल्या टेबलावर जवान तक्ता वाचून घेत होता. वाचता आलं नाही की आत डॉक्टरांकडं, वाचता आलं की चिठ्ठी घेऊन घरी. मी सोंगाच्या तयारीत काठी टेकत रांगेत. सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर बाहेर आले आणि आश्रुबाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की हे पाहा आमचे पेशंट, मे महिन्यात ऑपरेशन झालं, आश्रुबाजी, जरा वाचून दाखवा. आणि चष्मा कुठं आहे? आश्रुबानं खिशावर थाप मारली. म्हणाला, साब, त्याच्याबिगर बी दिसतंय. केवढी मिजास! आणि गॉगलसकट उभा राहून वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता खाड खाड वाचला. शेवटची ओळसुद्धा. डी एफ एन पी टी एच झेड. फौजेत तक्ता एकच आहे, बदललेला नाही.

हॉलमध्ये टाळ्या. कुकला टाळ्या!

आणि लगेच माझा नंबर. जवान म्हणाला, बाबा, दिसेल तेवढंच सांगा. बाबा म्हणाला मला. मागं टाळ्या अजून चालू होत्या. मी काठी टाकली, छाती काढली आणि ओट्यावर म्हणतो त्याच आवाजात ओळ म्हटली. वर त्याला विचारलं, उलटी म्हणू का? उलटीही म्हटली.

माझ्या टाळ्या आश्रुबापेक्षा जास्त होत्या. हे निर्विवाद.

जवानानं रजिस्टरमध्ये डोळे उत्तम असं लिहून चिठ्ठी दिली. बाहेर झाडाखाली मनकर्णा पिशवी घेऊन उभी होती, औरंगाबादला राहायच्या तयारीनं. दोन धोतरं, सातू, लोटा, सगळं भरून आणलेलं. तिला चिठ्ठी दाखवली. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत होती.

सेलू आलं वाटतं. नाही, अजून नाही.

२३ सप्टेंबर

मनकर्णा ताटं आदळते आहे. फाईल मिळाली नाही, बेड नाही, बिस्किटं नाहीत, हे खरं. पण शेप वन पुन्हा सिद्ध झालं. ते आश्रुबाला जन्मात मिळायचं नाही.

पारावर ही गोष्ट सांगायला सुरुवात केली. लोकांना बैल आठवले.

१ नोव्हेंबर, दिवाळी

घराच्या पायऱ्यांच्या कडांना मनकर्णानं चुन्याचे जाड पट्टे ओढले आहेत. न्हाणीच्या उंबऱ्यालाही. विहिरीच्या काठाला तर सगळीकडून. म्हटलं, रांगोळी काढायची सोडून हे काय? म्हणाली, औंदा हेच. साधेपणा चांगला.

यंदा पणत्यांना तेल कमी घातलं आहे सगळ्या गावानं. नुसतं पिवळं पिवळं दिसतं.

सरजाबाई (आश्रुबाची बायको) फराळाचं ताट घेऊन आली. तिचा आवाज येईपर्यंत मी तिला आमची पार्वती समजत होतो. पार्वती (मुलगी) सासरी चारठाण्यात, ओली बाळंतीण. माझ्या डोक्यात तीच असते, म्हणून.

२३ नोव्हेंबर. चारठाणा

नातवाचं बारसं. पार्वतीचा पहिला. मांडीवर दिला.

मांडव घातल्यामुळं उजेड कमी होता. मी तोंड जवळ नेलं. आणखी जवळ नेलं. त्याचा श्वास माझ्या मिशीला लागत होता, दुधाचा वास येत होता, आणि समोर नुसता धूर. चुलीसमोर बसल्यासारखा. डोळे चोळले. तोच धूर. बायका विचारत होत्या, कुनावर गेलाय सांगा की आजोबा. मी म्हटलं, गोरा आहे. कुणीतरी हळूच म्हणालं, काळासावळा हाय वो, तुमच्यावानी.

आश्रुबाही आला होता, व्याह्यांचा दूरचा नातेवाईक निघतो तो. त्यानं पोराला घेतलं, गॉगल वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, नाक तर बगा, हुबेहूब हवालदारसाबाचं नाक!

माझ्या नातवाच्या तोंडावरचं माझं नाक आश्रुबानं पाहिलं. मी नाही पाहिलं.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मांडवाचा दोष नाही. मला दिसत नाही. वर्ष झालं असेल, जास्तच. मी आज न्हाणीत जाऊन रडलो. आणि त्यातही मनात हेच की त्याला दिसतं.

९ डिसेंबर

विष्णुपंतांना भेटलो. म्हणाले, रजिस्टरला डोळे उत्तम अशी नोंद आहे, आता काय करू? माझ्यासमोर डोक्याला हात लावला असावा, तसा आवाज आला. मग म्हणाले, पथक या महिन्यातच यायचं होतं, पण विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघताहेत, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, तेव्हा आता अठरा जानेवारीला. नाव लिहितो. पण या वेळी खरं वाचा.

शब्द दिला. हवालदाराचा.

१४ जानेवारी १९८७, संक्रांत

प्रॅक्टिस. मनकर्णा समोर उभी राहते, मला विचारते किती बोटं. मी दिसत नाही असं म्हणायचं. जमतं. पहिल्या दिवशी चार म्हणून गेलो होतो. तिनं हात वरच केला नव्हता.

रोजची ओळ म्हणणं बंद ठेवलं आहे. तोंडाला सवय नको.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी, परभणी

आता मी कुणाला तोंड दाखवू?

गेलो. रांगेत उभा राहिलो. मनकर्णानं या वेळी हट्टानं आत येऊन माझा सदरा धरून ठेवला. मनाशी घोकत होतो, दिसत नाही, दिसत नाही. माझ्या पुढं पाथरीकडचा एक ड्रायव्हर होता. त्याला पहिल्या मोठ्या अक्षराच्या पुढं येईना. लोक च्-च् करायला लागले. कोपऱ्यातून आश्रुबाचा आवाज आला, त्याला धीर देत होता, भाऊ भिऊ नगा, मला बगा, मला समदं दिसतंय.

समदं दिसतंय! झालं. माझा शब्द गेला वाऱ्यावर. पाय आपोआप सावधान झाले.

पण माझ्या आधी मनकर्णा पुढं झाली. माझी मनकर्णा, जिला मुळाक्षरंसुद्धा येत नाहीत. तक्त्याकडं पाठ करून जवानासमोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, डी एफ एन पी टी एच झेड. वर म्हणाली, दादा, पाच वरसापासून रोज सकाळी ऐकायलेय मी, आमच्या पोपटाला बी यील. ह्यायला काईच दिसत न्हाई. तुमचं ते फळकुट उलटं करा न् मंग इचारा.

हे सगळं मी ऐकलं. ऐकूनसुद्धा, जवान म्हणाला बाबा वाचा, आणि मी वाचलं. म्हणजे म्हटलं. शेवटपर्यंत. मला वाटलं त्यानं तक्ता फिरवला नसेल, बाईमाणसाचं कोण ऐकतं.

फिरवला होता. मागं नुसतं प्लायवूड.

हसण्याचा आवाज आला. तोच, शाळेतल्या पोरांसारखा. मग मोठे डॉक्टर आले, टॉर्च मारली आणि जोरात ओरडले की हवालदार, तुम्ही घरापासून इथपर्यंत आलात कसे? दोन्ही डोळे पिकलेले आहेत. मनकर्णानं कसे ते सांगितलं. चुन्याचे पट्टे, काठी, तांब्या, शेळीची घंटी. सगळं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

आजच गाडीनं औरंगाबाद. एक डोळा आता, दुसरा पावसाळ्यानंतर.

एक गोष्ट विचित्र. तक्ता उलटा केल्यापासून आश्रुबाचा आवाज नाही. विष्णुपंत म्हणाले, बैलाला बरं नाही म्हणून घाईनं निघून गेला. आश्रुबाकडं बैल नाही.

१५ फेब्रुवारी. वालूर

पट्टी निघाली. अजून धूसर. चष्मा यायचा आहे, तोवर कमी लिहायची ऑर्डर आहे.

फाईल मिळाली. निळी. बिस्किटं दोन नव्हे, तीन. (तिसरं शेजारच्या बेडवाल्यानं दिलं.) सिस्टर मला फक्त बाबा म्हणायची.

दिनकररावांचं पत्र आलं होतं की २६ जानेवारीचा झेंडा आपल्या हस्ते. मी तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून छताकडं तोंड करून पडलो होतो. झेंडा आश्रुबानं चढवला.

८ मार्च. सकाळी ९.००

चष्मा आला. जाड, तांब्याच्या बुडाएवढा.

लावला. पहिली मनकर्णा दिसली. केस पांढरे झाले आहेत तिचे. कधी झाले? मी विचारलं. म्हणाली, झाले हळूहळू. मग पायऱ्या दिसल्या. दिवाळी होऊन चार महिने झाले, चुन्याचे पट्टे ताजे आहेत. दर आठवड्याला ओढत होती.

ही डायरीही आज पहिल्यांदा वाचली. ओळीवर ओळ चढली आहे. ऑगस्टमधल्या आश्रुबावर डिसेंबरचे विष्णुपंत बसले आहेत. विशेष असं काही बुडालेलं नाही.

१५ मार्च. चारठाणा

नातू पाहिला. सावळा, टपोरे डोळे, मला बघून हसला. चष्म्याला हात घातला.

पण नाक माझं नाही. पाच-सहा वेळा पाहिलं. बाजूनं, समोरून, खालून. नाक मनकर्णाचं आहे. बसकं. माझं नाक सरळ आहे, आरशात पाहून खात्री केली. मग आश्रुबानं त्या दिवशी काय पाहिलं?

मत्सरानं बोलला असेल. की मनकर्णाला बरं वाटावं म्हणून? तिचं नाक असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं. काही केल्या उलगडत नाही.

२८ एप्रिल

दिनकरराव घरी आले. १ मेचा झेंडा माझ्या हस्ते. मी जरा विचार करतो म्हटलं आणि ते उंबऱ्याबाहेर जायच्या आत हो म्हटलं.

युनिफॉर्मला इस्त्री. मेडलं चिंचेनं घासली. आश्रुबा पहिल्या रांगेत उभा करावा अशी सूचना दिली. त्याला नीट दिसलं पाहिजे.

१ मे १९८७, शुक्रवार. दुपारी

सकाळी साडेसात. काखेत निळी फाईल, डोळ्यावर चष्मा. दिनकररावांनी दोन लढायांचा उल्लेख केला, दोन्हींची सालं बरोबर सांगितली. मी दोरी ओढली. गाठ सुटली, फुलं पडली, झेंडा उघडला. तिन्ही रंग दिसले, मधलं चक्र दिसलं. 

मग मी आश्रुबाकडं पाहिलं. आजच्या दिवसासाठीच तर सगळं होतं.

पहिल्या रांगेत होता. गॉगल, टाचा जुळलेल्या, सॅल्यूटमध्ये. पण तोंड माझ्याकडं नाही. झेंड्याकडंही नाही. डावीकडं. मी चष्मा सारखा करून तिकडं पाहिलं. ग्रामपंचायतीसमोरचा विजेचा खांब, त्याच्या तारेला कुणाचा तरी फाटका पतंग लटकलेला. आश्रुबा त्या खांबाला सलामी देत होता.

मागची पोरं हसायला लागली. तेच हसणं. ते मी ऐकलेलं होतं.

राष्ट्रगीत संपेपर्यंत हलता येत नाही. तेवढ्या वेळात मला पंधरा ऑगस्ट सगळा आठवला. मी तिसऱ्या रांगेत, खांबाच्याच अंगाला. मनकर्णानं धरलेला दंड.

राष्ट्रगीत संपलं. दिनकरराव हार घेऊन येत होते, त्यांना थांबा म्हटलं आणि खाली उतरून आश्रुबाचा दंड धरला. शाळेच्या मागं पंपापाशी नेला. चष्मा कुठाय विचारलं. खिशावर थाप मारायला गेला. मी खिशात हात घातला. तंबाखूची पुडी.

मग सांगितलं त्यानं. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, नव्या चष्म्यानं आपलं तोंड कसं दिसतं ते बघायला विहिरीत वाकला. चष्मा विहिरीत. तेव्हापासून त्या डोळ्याला नीट काही दिसत नाही, आणि गॉगल तर नुसती काळी काच. दुसऱ्या डोळ्यातही पिकत चाललं आहे. डॉक्टरांना का नाही सांगितलं? म्हणाला, कसं सांगू हवालदारसाब, त्येंनी समद्यायच्या म्होरं उभा केलं, टाळ्या वाजिवल्या. तक्ता? तो म्हणाला, तुमच्याच वट्ट्यावरून ऐकून पाठ झाला. वरल्या वळी सरजाच्या भाच्यानं शिकिवल्या. नाकाचं विचारलं. म्हणाला, आजोबाला असंच सांगत असत्यात ना?

आणि एक वाक्य बोलला ते लिहितोच. म्हणाला, सतरा वरसं कुकला कुनी बस म्हनलं न्हवतं. गागल लावला तवापसून लोक खुरची देयालेत.

वर्षभर मी ज्याच्यावर जळलो त्याच्याकडं एवढंच होतं. एक खुर्ची.

सोमवारी त्याला विष्णुपंतांकडं नेतो. फॉर्म मी भरेन. तक्त्यासमोर मीच उभा राहीन, म्हणजे त्याला पाठ म्हणता येणार नाही. तोवर माझा चष्मा त्याला लावून पाहिला. नंबर जवळजवळ जुळतो. त्यानं आधी पंपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाला, हवालदारसाब, तुमी लय म्हातारे झाले. आता रोज संध्याकाळी तासभर चष्मा त्याच्याकडं, म्हणून ही नोंद दुपारी.

घरी येऊन मनकर्णाला विचारलं, पंधरा ऑगस्टला मी सॅल्यूट कुठं मारला होता. ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, खांबाला.

एक मात्र आहे, आणि तेच सकाळपासून आत सलतंय. खांबाला का असेना, आश्रुबाचा सॅल्यूट फार कडक होता. मनगट सरळ, कोपर बरोबर खांद्याच्या रेषेत. चोवीस वर्षांत माझं कोपर एकदाही तिथं आलं नाही.